तिलमोच्या पट्टीतली घरं

ग्रामपंचायतीच्या वरच्या खोलीत दक्षिणेकडची एक खिडकी आहे, तिथं नेट दिवसभर टिकतं. अख्ख्या गावात तेवढी एकच जागा. म्हणून जूनपासून पुंजारामनाना रोहोकल्यांची पुतणी शुभांगी तिथं टेबल टाकून बसते. मी खाली लिपिक. आवक-जावक रजिस्टर माझ्याकडं, वरच्या खोलीची किल्लीही माझ्याकडं. त्यामुळं कोण किती वेळा जिना चढलं आणि उतरताना कसलं तोंड करून उतरलं, याची नोंद आपोआप राहते.

शुभांगी भूगोलात एम.एस्सी. आहे. तिच्या कामाचं वर्णन गावात तीन प्रकारे होतं. सरपंच सांगतात, ती हवामान खात्यात लागली. भीमराज फौजी सांगतो, ती लष्कराचे नकाशे बघते आणि याबद्दल कुणी बोलू नये. हे तो बसस्टँडवर सांगतो. तिची आई सांगते, पोरगी कॉम्प्युटरवर डोंगर रंगवते. तिघांत आईच खरी.

पुण्याच्या एका कंपनीनं हिमालयातल्या एका खोऱ्याचं काम घेतलं होतं. खोरं असं आडबाजूला, की वर्षातले पाच महिने तिथला रस्ता बर्फाखाली असतो. तिथल्या त्रेसष्ट वाड्या शुभांगीच्या वाट्याला आल्या होत्या. उपग्रहावरून काढलेले फोटो बघायचे आणि डोंगरावरून बर्फाचा लोंढा येऊन वाडी गाडली जायचा धोका किती, ते ठरवून वाडीला रंग द्यायचा. हिरवा, पिवळा, लाल. तीस सप्टेंबरला यादी बंद. त्या यादीवरून तिथलं सरकार ठरवणार, कुठं बांधायचं, कुठं बांधायचं नाही आणि कुठली वाडी हलवायची. शुभांगीनं आजवर बर्फ पाहिला होता तो फ्रीजच्या वरच्या कप्प्यातला आणि उसाच्या रसातला.

"मग धोका कशावरून ठरवतेस?" मी विचारलं होतं.

"नियम दिलेत ना, बिभीषणभाऊ. घरामागचा उतार किती, वर झाडी आहे का, मागं काही झाल्याची नोंद आहे का. प्रत्येकाला गुण."

"म्हणजे आपल्या पिकाच्या पैसेवारीसारखंच."

"तसंच. फक्त शेतात न जाता."

"पैसेवारीला तरी कोण जातं," मी म्हणालो.

ऑगस्टच्या शेवटी एके दिवशी पुंजारामनाना उतारा न्यायला आले. नाना म्हणजे आमच्या गावच्या पाणलोटाचा जुना गडी. राळेगणसिद्धी बघायला लांबलांबहून गाड्या येतात, त्या आमच्या फाट्यावरून जातात, आमच्याकडं वळत कुणी नाही. पण आमच्याही डोंगराला पाणी अडवायचे चर आहेत, आणि त्यातला प्रत्येक चर नानांनी पाण्याची नळी धरून आखलेला आहे. तीस वर्षं माणूस डोंगर उताराला धरून चालला. आता गुडघ्यामुळं सपाटीवरही तिरका चालतो.

उतारा मिळेपर्यंत वर जाऊन बसा, म्हटलं. मीही चहा घेऊन वर गेलो. काकाला दाखवण्यासारखं काहीतरी शुभांगीकडं होतंच. तिनं एक फोटो उघडला.

"नाना, ही तिलमो नावाची वाडी. अकरा घरं. वर बघा, उभ्या पट्टीत कसली झकास लागवड केलीये. सगळी झाडं एका उंचीची. मी याचे वाडीला जादा गुण दिले. गावानं वनीकरण केलं म्हणून. वाडी हिरवी झाली, पुण्याच्या साहेबांनी 'उत्तम निरीक्षण' असा शेरा दिला."

आमच्या तालुक्यातला कुणीही हेच म्हणाला असता. उघड्या डोंगरावर एका मापाची झाडं दिसली की आम्ही विचारतो, कुठल्या साली लावली आणि पाटी कुठंय. झाडं आपली आपण उगवतात हे आम्ही विसरून तीस-चाळीस वर्षं झाली.

नाना पण खूष झाले. चष्मा कपाळावर चढवून स्क्रीनला नाक लावलं. "लई ग्वाड. मर एकबी न्हाई, समदी जगलीत. सावल्या बघ, एका मापाच्या." मग त्यांचं बोट स्क्रीनवर खालीवर फिरलं आणि थांबलं. "चर कुठंय?"

"कसला चर?"

"झाडाच्या वरच्या अंगाला चर नको? खड्डा न्हाई, आळं न्हाई, दगडाची वळ न्हाई. चराबिगरची लागवड मोजमापाच्या पुस्तकात चढतच न्हाई. आन् जी चढत न्हाई ती कुनी करत न्हाई."

"तिकडं पद्धत वेगळी असेल."

"सरकार एकच हाय ना?" नाना म्हणाले. "ही लावलेली न्हाईत पोरी. उगवलीत."

"मग एका उंचीची कशी?"

"आपल्या वढ्याला पूर आल्ता तवा तू पाळन्यात हुतीस. थडीची समदी बाभळ धुऊन नेली. मागनं जी उगवली ती आज बघ, एका वयाची हाय. दोन्ही बाजूला म्हातारी झाडं, मधी पोरासोरांची रांग." त्यांनी बोटानं पट्टीच्या दोन्ही कडा दाखवल्या. तिथलं रान खरंच दाट, काळं, उंचसखल होतं. "हितनं कायतरी गेलंय. एकदाच, पर समदं घेऊन गेलंय. वर सरकव. आनखी वर. माथा दाव मला."

शुभांगीनं फोटो वर सरकवला. वाडीपासून कितीतरी वर, डोंगराच्या खांद्यात, परातीसारखा एक खोलगट भाग होता. त्याचं तोंड बरोबर त्या पट्टीत उघडत होतं.

"नियमात घरामागचे शंभर मीटरच बघायचेत, नाना. तेवढ्यात उतार अगदी सौम्य आहे."

"आमी शंभर मीटर बघून बंधारे घातले असते तर एक उभा ऱ्हायला नसता. माथ्यापासून बघायचं आसतंय."

नाना उतारा घेऊन गेले. शुभांगीनं चहा घेतला नाही. मी दुसरा आणून ठेवला, तोही तिनं घेतला नाही. तिलमो वाडी हिरवी करून तिला अठरा दिवस झाले होते, आणि हिरवी केलेली वाडी कंपनीच्या पोर्टलवर कुलूपबंद होऊन तिथल्या जिल्ह्याच्या कचेरीला लगेच दिसत होती.

पुण्याचे साहेब म्हणजे ओम सर. वय सव्वीस, शुभांगीहून दोन वर्षांनी लहान. पण तिचं काम तपासायचे म्हणून सर. माणूस वाईट नव्हता. आवाजावरून रोज कुणाची तरी बोलणी खाऊन यायचा असं वाटे. शुभांगी फोन स्पीकरवर ठेवी, त्यामुळं मला जिन्यात उभं राहावं लागलं नाही.

"मॅडम, तिलमो लॉक झालंय."

"म्हणून तर फोन केला, सर. माझी चूक झाली. ती लागवड नाहीये."

"कशावरून?"

"चर नाहीत."

"मॅडम, चर हा आपला पॅरामीटर नाहीये."

तिनं पुराची, बाभळींची, एका वयाच्या झाडांची सगळी हकिगत सांगितली. ओम सरांनी ती पूर्ण ऐकली आणि म्हणाले, "पटतंय. पण अनलॉक करायला घटनेची नोंद लागेल. कुठल्या साली झालं, किती नुकसान झालं. काहीतरी कागद."

"तिथं नोंद ठेवायला कोण होतं?"

"तोच प्रॉब्लेम आहे ना. नोंद नाही म्हणजे सिस्टिमच्या दृष्टीनं घटना नाही."

त्या आठवड्यात तिनं त्यांना नऊ फोन केले. नऊ फोनांत ओम सरांनी 'प्रोसेस' हा शब्द चाळीसच्या वर वेळा उच्चारला. चाळिसानंतर मी मोजायचं सोडलं. तिनं तिथल्या तहसीलला मेल टाकला, उत्तर आलं की आपला मेल मिळाला. वन खात्याला टाकला, त्यांनी तो तहसीलला पाठवला. हे वाचून मला परकं असं काही वाटलं नाही.

शेवटी कागद नाही तर माणूस शोधू, असं ठरलं. पारनेर तालुक्यात कुठल्याही थंड जागेची चौकशी करायची तर फौजी गाठावा लागतो. भीमराज फौजीला वर बोलावलं. तीन दुपारी तो आला. पहिल्या दुपारी त्यानं बर्फात दाढी कशी करतात ते सांगितलं. दुसऱ्या दुपारी बर्फात भाकरी कशी फुटते ते सांगितलं, आणि मध्येच, तो त्या खोऱ्यात कधी गेलाच नव्हता, शेजारच्या खोऱ्यात होता, हेही सांगितलं.

"मग आधी बोलायचं ना, भीमराजमामा," शुभांगी म्हणाली.

"तू इचारलंस बर्फातला अनुभव हाय का. त्यो हाय की. लई हाय."

तिसऱ्या दुपारी मात्र त्याला आपल्या पलटणीतला एक हवालदार आठवला, ज्याचं आता त्या खोऱ्याच्या तोंडाशी किराणा दुकान होतं. त्याला फोन लागला. त्यानं तिलमोच्या अंगणवाडीताईंचा नंबर दिला. छिमे बुटी.

छिमे बुटींचं हिंदी आमच्याइतकंच मोडकं, त्यामुळं दोन्हीकडं चांगलं समजलं. शुभांगीनं पट्टीबद्दल विचारलं तर बाई लगेच म्हणाल्या, हो, ती जागा. आजी सासरी आली त्या वर्षी वरून बर्फ आला होता. तेव्हा वाडी तिथंच होती, पट्टीच्या पायथ्याला. सहा घरं गेली. उरलेल्यांनी बाजूला खडकाच्या आडोशाला नवी अकरा घरं बांधली. त्या मोकळ्या सपाटीवर तेव्हापासून कुणी खुंटीसुद्धा ठोकत नाही. शेळ्या चरतात, तेवढंच.

शुभांगीनं सुटकेचा निःश्वास टाकला. "म्हणजे लोकांना माहीत आहे."

"आम्हाला आहे," छिमे बुटी म्हणाल्या. "गेल्या आठवड्यात जिल्ह्याचा इंजिनीअर आला. म्हणाला, नकाशात तुमची वाडी हिरवी आहे, हद्दीत सपाट मोकळी जागा हीच आहे, इथं पोरींचं वसतिगृह होणार. चाळीस पोरी. चुन्याची आखणी करून गेला. बर्फ पडायच्या आत जोतं घालणार. आम्ही सांगितलं तर म्हणाला, नकाशा पुण्याच्या तज्ज्ञांनी केलाय."

पुण्याच्या तज्ज्ञांनी फोन तोंडाजवळ ओढला. मी खिडकीतून बाहेर बघू लागलो.

"ताई, मीच तो केलाय," ती म्हणाली. "मी वाडी लाल करायला बघते."

तिला वाटलं होतं बाई आभार मानतील. आमच्याकडं दुष्काळाच्या यादीत गाव यावं म्हणून लोक तहसीलपुढं मंडप टाकतात. पैसेवारी पन्नासच्या आत दाखवावी म्हणून तलाठ्याच्या मागं मागं फिरतात. छिमे बुटी म्हणाल्या, लाल करू नका. लाल झाली की वाडी हलवतील. पलीकडची एक वाडी हलवली, तिथली माणसं अजून पत्र्याखाली आहेत. आम्ही बसलोय ती जागा आमच्या म्हाताऱ्यांनी बघून निवडलीये. ती सपाटी तेवढी लाल करा.

शुभांगीनं ओम सरांना दहावा फोन लावला. तारीख तेवीस सप्टेंबर.

"वाडी एक, रंग एक, मॅडम," ते म्हणाले. "हद्दीतली रिकामी जागा वाडीच्याच रंगाची. रिकाम्या जागेला वेगळा रंग देता येत नाही. रंग घराला असतो."

"आणि त्या रिकाम्या जागेवर आता चाळीस पोरींचं वसतिगृह बांधतायत. माझ्या हिरव्या रंगामुळं."

"मला कळतंय हो. पण मी काय करू सांगा? माझ्याकडं अनलॉकचं बटणच नाहीये. ते माझ्या वरच्यांकडं आहे, ते त्यांच्या वरच्यांना विचारतात." त्यांचा आवाज चढला आणि लगेच खाली आला. "सॉरी."

तिनं फोन टेबलावर उपडा ठेवला. मग लॅपटॉपला म्हणाली, "मेलं रंग घराला असतो."

मी म्हणालो, "पोटहिस्सा पाड."

"काय?"

"गटातला तुकडा वेगळा करायचा तर आपण पोटहिस्सा पाडून त्याला वेगळा नंबर देतो. तुझ्या त्या पोर्टलात वेगळा नंबर कशाला मिळतो?"

तिनं माझ्याकडं बघितलं. मग भराभर पानं उघडत गेली. मेंढपाळांची वगैरे एकटी घरं असतात, त्यांच्यासाठी पोर्टलात 'सुटं घर' असा रकाना होता. वाडी कुलूपबंद असली तरी सुटं घर नव्यानं टाकता येत होतं, आणि त्याला स्वतःचा रंग होता. तिनं सपाटीच्या मधोमध, छिमे बुटींनी सांगितलेल्या आखणीच्या मापाचा, एक चौकोन काढला. सुटं घर क्रमांक एक. लाल. कारणाच्या रकान्यात निवडायला पाच पर्याय होते. त्यातला 'मूल्यांकन करणाऱ्याची चूक' हा तिनं निवडला. तो निवडला की गुणांकन घसरतं आणि पुढच्या कामाला बोलावत नाहीत, हे तिला माहीत होतं. निवडताना ती थांबली नाही. थांबलो मी.

अर्ध्या तासात ओम सरांचा फोन. "मॅडम, तुम्ही टाकलेल्या ठिकाणी फोटोत घर दिसत नाहीये. घर कुठाय?"

"अजून नाहीये, सर."

"मग?"

"तेच तर."

पलीकडं कुणाचं तरी बोलणं, खुर्ची सरकल्याचा आवाज. मग ओम सर हळूच म्हणाले, "प्रस्तावित बांधकाम असं लिहा. मी पास करतो." आणि त्यांनी केलं. त्यांच्या नावावर हे एक जमेला आहे, ते इथं मांडून ठेवतो.

गावात कुणाला काही कळलं नाही, पण त्या दिवशी शुभांगीनं चहा गरम असताना घेतला. नाना येऊन चौकोन बघून गेले. "झाक," म्हणाले. आवाजात खोट होती, पण काय खटकलं ते त्यांनाही सांगता आलं नाही.

एकोणतीस तारखेला सकाळी अकराला छिमे बुटींनी मोबाईलवर एक फोटो पाठवला. इंजिनीअर पुन्हा येऊन गेला होता. नवा नकाशा बघून त्यानं जुनी आखणी पायानं पुसली होती आणि नवी केली होती. ताजा, पांढराशुभ्र चुना. जुन्यापासून चाळीस फूट सरकवून. त्याच सपाटीवर, त्याच पट्टीच्या तोंडाशी, लाल चौकोनाच्या रेघेला अगदी लागून, पण बाहेर.

खाली बाईंनी लिहिलं होतं: इंजिनीअर म्हणतो, आता नियमात बसतं.

शुभांगीनं फोटो मला दाखवला, नानांना बोलावणं पाठवलं आणि डोकं धरून बसली. रडली असती तर बरं झालं असतं. ती नुसतं म्हणत होती, "मी वसतिगृहाच्या मापाचा चौकोन काढला. वसतिगृहाच्याच मापाचा. मला साधं कळू नये."

"त्या इंजिनीअरला कळू नये?" मी म्हणालो.

"त्याला नियम कळतो. त्यानं नियम पाळलाय. ओम सरांनी पाळलाय. मी पण पाळलाच होता."

नाना तिरके तिरके जिना चढून आले. फोटो बघितला, चुना बघितला. चष्मा कपाळावर घेऊन स्क्रीनपुढं बसले.

"यादी कवा बंद हुती?"

"उद्या पाचला."

"हे सुटं घर किती काढता येत्यात?"

शुभांगीनं मान वर केली. पोर्टलात शोधलं. "मर्यादा दिलेली नाही."

"मंग बघतीस काय? काढ की."

तिनं आधी ओम सरांना फोन लावला. अकरावा. "सर, तिलमोत अजून काही सुटी घरं टाकतेय. प्रस्तावित."

"किती?"

"मोजली नाहीत."

"मॅडम, ती घरं आहेत तरी कुणाची?"

"कुणाचीच नाहीत, सर. पुढंही कुणाची व्हायला नकोत."

आता ओम सर प्रोसेस म्हणणार, म्हणून मी वाट बघत होतो. "उद्या साडेचारच्या आत टाका," ते म्हणाले. "पाच वाजता माझा ॲक्सेस जातो. आणि एकेक पाठवू नका, सगळी एकदम पाठवा. एकदम आली की कुणी उघडून बघत नाही."

ती काढायला बसली. पहिलं घर चुन्याच्या नव्या आखणीवर. लाल. दुसरं त्याच्या डावीकडं, तिसरं उजवीकडं. पट्टीच्या पायथ्यापासून ओढ्यापर्यंत. नाना शेजारी बसून बोटानं दाखवत होते, चर आखताना दाखवायचे तसं, वरून खाली, एकेक ओळ. जिथं कधीकाळी सहा घरं गेली, तिथं दुपारपर्यंत सव्वीस झाली. मी खाली जाऊन दोन दाखले देऊन आलो तेव्हा चौतीस. छिमे बुटींच्या वाडीची खरी अकरा घरं बाजूला खडकाच्या आडोशाला होती तशीच हिरवी, आणि त्यांच्या शेजारी हे केवढं तरी मोठं लाल गाव, ज्यात एक माणूस नव्हता.

"झालं वाटतं," शुभांगी मनगट दाबत म्हणाली.

नानांनी स्क्रीनला नाक लावलं. मग नखानं दोन चौकोनांमधली एक बारीक फट दाखवली.

"हितं बखळ ऱ्हायली. भर ती," ते म्हणाले. "तेवढ्यात बी बांधील त्यो."